विज्ञानकथेसाठी सहसा न फुटणारे उपकरण कसे घडवावे

विज्ञानकथा लिहिणाऱ्याला आपल्या पात्राच्या हाती एखादे लहानसे, खिशात मावणारे किंवा कमरेला अडकवता येणारे उपकरण द्यायचे असते आणि ते कथा संपेपर्यंत टिकायला हवे असते. अशा वेळी बहुतेक जण ‘हे उपकरण कशानेही तुटत नसे’ असे एक वाक्य लिहून मोकळे होतात. ते वाक्य वाचले की चौकस वाचक हे कशाने तुटेल याचाच विचार करत बसतो आणि कथा बाजूला राहते. ते वाक्य न लिहिता तोच परिणाम कसा साधावा, हे येथे सांगायचे आहे.

उदाहरणासाठी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळची एक काल्पनिक वस्ती घेऊ आणि तेथील कामगारांच्या कमरेला लटकणारे एक उपकरण घेऊ. त्यात रेडिओ, नकाशा, दिवा आणि प्राणवायूचा मापक आहे. कारखान्याने त्याला अक्षरे आणि आकडे जोडून काहीतरी नाव दिले असेल, पण वस्तीवरची मराठी माणसे त्याला ‘वरवंटा’ म्हणतात, कारण ते लांबट, गोलसर आणि हाताला भरीव लागणारे आहे. पात्रांनी वस्तूला ठेवलेले असे घरगुती नाव कथेत फार उपयोगी पडते. ते नाव ऐकल्यावर ही वस्तू रोज हाताळली जाते, आपटली जाते आणि तरीही टिकते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आधी क्रियापद ठरवावे

‘तुटणे’ या एका शब्दावर काम भागत नाही, आणि याबाबतीत मराठी लेखकाची सोय मोठी आहे. आपल्याकडे काच फुटते, दोरी तुटते, खुर्ची मोडते, बांगडी पिचते, पातेले चेपते, बशीचा टवका उडतो, शिवण उसवते, पाटा झिजतो, रबर वातड होते आणि रेडिओ बिघडतो. यातले प्रत्येक क्रियापद वेगळ्या कारणाने घडते आणि त्यावरचा उपायही वेगळा असतो. जो पदार्थ चेपत नाही तो पुष्कळदा फुटतो, आणि जो फुटत नाही तो बहुधा लवकर झिजतो. म्हणून कागदावर पहिल्यांदा ही क्रियापदे लिहून काढावीत आणि आपल्या कथेच्या जागी त्यांतली कोणती संकटे रोजची आहेत, कोणती क्वचित येणारी आहेत आणि कोणते एक संकट आपण मुद्दाम मोकळे सोडणार आहोत, हे ठरवावे. शेवटचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कथानक त्याच फटीतून आत येते.

चंद्रावरच्या वस्तीसाठी माझी यादी अशी होते: झिजणे रोजचे, तडकणे रात्रीचे, बिघडणे कधीतरी, आणि आपटून फुटणे अपेक्षेपेक्षा कमी. पृथ्वीवरचा लेखक हमखास उलट क्रम लावतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर हातातून निसटून फरशीवर पडलेला मोबाईल असतो.

कठीण आणि चिवट यांतला फरक

हिरा कठीण असतो, म्हणजे त्याच्यावर दुसऱ्या कशाने ओरखडा उठत नाही. तरीही हिऱ्यावर हातोडी मारली तर त्याचे तुकडे होतात, कारण त्याच्या स्फटिकाला फुटण्याच्या ठरलेल्या दिशा असतात. साधे पोलाद हिऱ्याच्या तुलनेत मऊ असते, पण हातोडीचा घाव ते वाकून पचवते. पहिल्या गुणाला कठीणपणा म्हणावे आणि दुसऱ्याला चिवटपणा. विज्ञानकथांत ‘हिऱ्यापेक्षाही कठीण धातू’ वारंवार भेटतो, आणि लेखकाला बहुतेक वेळा चिवटपणा म्हणायचा असतो. हा घोळ एकदा डोक्यातून गेला की निम्मे काम झाले.

दोन्ही गुण एकाच पदार्थात हवे असतील तर काय करावे लागते, याचे उत्तर आजच्या मोबाईलच्या काचेत आहे. अशी काच सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागावरचे सोडियमचे आयन बाहेर येतात आणि त्यांच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन दाटीवाटीने बसतात. त्यामुळे काचेची वरची त्वचा कायमची दाबाखाली राहते. भेग पडायची तर ती त्वचा आधी ताणली जावी लागते, आणि दाबाखाली असलेली त्वचा सहज ताणली जात नाही. याच तत्त्वाचा जुना आणि अधिक नाट्यमय नमुना म्हणजे वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडून तयार होणारा, लांब शेपटीचा ‘प्रिन्स रूपर्टचा थेंब’. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो टिकतो, पण शेपटीचे टोक चिमटीत धरून मोडले की सगळा थेंब क्षणात चूर होतो. कथाकाराच्या दृष्टीने यापेक्षा चांगली भेट निसर्गाने दिलेली नाही, कारण येथे एकाच वस्तूत बळकटपणा आणि नेमके मर्मस्थान या दोन्ही गोष्टी आहेत.

आता चंद्रावरच्या धुळीकडे वळू. पृथ्वीवरचे वाळूचे कण वाऱ्यापाण्याने एकमेकांवर घासून गोलसर होतात, तर चंद्रावर वारा नाही आणि पाऊस नाही, त्यामुळे तेथील कण फुटक्या काचेसारखे धारदार राहतात. दक्षिण ध्रुवाकडच्या उंच प्रदेशातल्या मातीत प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार हे खनिज विपुल आहे, आणि तेच आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही भरपूर असते. खनिजांना कठीणपणानुसार १ ते १० असे आकडे देणाऱ्या मोह्सच्या मापनश्रेणीत त्याचा कठीणपणा ६ ते ६.५ येतो, तर नेहमीच्या काचेचा सुमारे ५.५. म्हणजे वरवंट्याचा पडदा साध्या काचेचा असेल तर कामगाराने हातमोज्याने धूळ पुसताच त्यावर ओरखडे उठणार. ज्याला हे अनुभवायचे असेल त्याने खडी फोडण्याच्या क्रशरवर काम करणाऱ्या माणसाच्या मोबाईलचा पडदा तिरक्या उजेडात पाहावा.

आमच्या घरी पाटा-वरवंटा होता तेव्हा वर्षा-दोन वर्षांनी टाकी लावणारी बाई दारावर येत असे. छिन्नी-हातोडीने ती पाट्यावर बारीक टवके पाडी, कारण इतका कठीण पाषाणही मसाला वाटून गुळगुळीत होई आणि मग त्यावर काही वाटले जात नसे. तो पाटा कधी फुटला नाही, पण निकामी मात्र होत राहिला आणि पुन्हा उपयोगी करावा लागला. टिकाऊ उपकरणाचे चित्र रंगवताना मला ही टाकी नेहमी आठवते. आपल्या उपकरणाला कोण, कधी आणि कशाने टाकी लावते, हे लेखकाला माहीत असले पाहिजे. वरवंट्याचा पडदा मी कृत्रिम नीलमाचा केला आहे, ज्याचा कठीणपणा ९ आहे. नीलम ठिसूळ असल्यामुळे पडदा लहान, जाड आणि कडेपासून आत बसवलेला आहे. त्याभोवतीची चौकट धुळीने झिजते, आणि ती दर काही महिन्यांनी बदलावी लागते. चौकट बदलण्याची जागा म्हणजे वस्तीतली कार्यशाळा, आणि तेथे माणसे एकमेकांशी बोलतात. एका भौतिक कारणामुळे कथेला एक खोली मिळाली, ती अशी.

पडणे मोजून पाहावे

वस्तू उंचावरून पडते तेव्हा तिला लागणारा धक्का ठरवणारे साधे सूत्र असे आहे: पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेले अंतर. मोबाईल १.२ मीटरवरून फरशीवर पडला आणि एका मिलिमीटरच्या अंतरात थांबला, तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या १,२०० पट येतो. त्याच मोबाईलला रबराचे आवरण घातले आणि थांबायला एक सेंटिमीटर मिळाला, तर तो १२० पटीवर येतो. चंद्रावर गुरुत्वाकर्षण सुमारे एकषष्ठांश आहे, त्यामुळे कमरेच्या उंचीवरून पडलेल्या वरवंट्याला एका मिलिमीटरमध्ये थांबताना पृथ्वीच्या मापाने २०० पटींचाच धक्का बसेल. म्हणूनच वर मी आपटण्याला यादीत खाली टाकले.

मात्र येथे दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे चंद्रावर वजन कमी झाले तरी वस्तुमान तेवढेच राहते. चिडलेल्या माणसाने वरवंटा भिंतीवर फेकला, तर तो पृथ्वीवर आदळला असता तेवढ्याच जोराने आदळेल, कारण फेकीचा वेग हाताने दिलेला आहे, गुरुत्वाकर्षणाने नव्हे. दुसरा सापळा हवेचा आहे. पृथ्वीवर फार उंचावरून पडणाऱ्या वस्तूचा वेग हवेच्या विरोधामुळे एका मर्यादेवर स्थिरावतो, तर चंद्रावर तशी मर्यादा नाही. एक किलोमीटर उभ्या कड्यावरून सुटलेली वस्तू तेथे तळाशी सेकंदाला सुमारे ५७ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाने पोहोचेल. दक्षिण ध्रुवावरचे शॅकल्टन हे विवर चार किलोमीटरहून अधिक खोल आहे, पण त्याच्या भिंती सरळ उभ्या नसून साधारण ३० अंशांच्या उताराच्या आहेत. त्यामुळे तेथे निसटलेला वरवंटा एका फटक्यात आदळणार नाही. तो घसरत, उसळत, शेकडो लहान ठोकरा खात खाली जाईल. लेखकाने यातले कोणते दृश्य हवे ते निवडावे, पण एकाचा वेग आणि दुसऱ्याचा उतार एकत्र करू नये.

धक्का पचवण्याच्या तीन रीती प्रत्यक्षात वापरल्या गेल्या आहेत आणि तिन्ही कथेत वापरण्याजोग्या आहेत. पहिली रीत जुन्या बटणांच्या मोबाईलची. माझा तसा एक फोन गच्चीच्या जिन्यावरून खाली गेला तेव्हा त्याचे झाकण एका पायरीवर, बॅटरी दुसऱ्या पायरीवर आणि उरलेला फोन तळाशी सापडला. तिन्ही भाग जुळवून बटण दाबले आणि तो सुरू झाला. पडण्यातली बरीचशी ऊर्जा भाग सुटे होण्यात खर्ची पडली होती. न फुटण्यासाठी नीट सुटे होता येणे ही मोठी युक्ती आहे, आणि ती दिसायलाही छान दिसते.

दुसरी रीत सगळे घट्ट भरून टाकण्याची. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांत बसवलेल्या लहान रेडिओ-फ्यूजमध्ये, म्हणजे लक्ष्याजवळ पोहोचताच गोळा फोडणाऱ्या यंत्रणेत, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आणि तोफेतून सुटताना त्यांना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २०,००० पट धक्का सोसावा लागे. काच आणि तोफ हे शब्द एका वाक्यात आले की आपण दचकतो, पण ट्यूब अगदी लहान, तिच्यातले भाग हलके आणि आजूबाजूची जागा भरीव असल्यामुळे हलायला काही उरतच नव्हते. आज पाण्याच्या पंपाच्या किंवा वाहनाच्या इलेक्ट्रॉनिक भागांत एपॉक्सी राळ ओतून जी वडी केलेली असते, तिचे तत्त्व हेच आहे. याची किंमत अशी की राळ ओतलेली वस्तू दुरुस्त करता येत नाही.

तिसरी रीत विमानातल्या ब्लॅक बॉक्सची, आणि मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते. नारिंगी रंगाच्या या पेटीकडून ६.५ मिलिसेकंद टिकणारा ३,४०० पटींचा धक्का, १,१०० अंश सेल्सिअसची आग एक तासभर आणि ६,००० मीटर खोल समुद्राचा दाब ३० दिवस सोसण्याची अपेक्षा असते. तरीही संपूर्ण पेटी यातून धड बाहेर यावी अशी अटच नाही. बाहेरचे भाग चेपले, जळले तरी चालतात. जाड पोलादी किंवा टायटॅनियमच्या कवचात आणि उष्णतारोधक थरात ठेवलेली मूठभर स्मृती तेवढी वाचली पाहिजे. आपल्या उपकरणातली कोणती एक गोष्ट काही झाले तरी वाचलीच पाहिजे, हे ठरवले की बाकीचे उपकरण बिनधास्त तोडता येते. माझ्या वरवंट्यात ती गोष्ट म्हणजे कामगाराच्या शेवटच्या महिन्याभराच्या पाळ्यांची नोंद. रेडिओ गेला, दिवा गेला, पडदा गेला तरी ती नोंद काढता येते, आणि वस्तीवर सर्वांना ते माहीत असल्यामुळे काही जण तिला वचकून असतात.

थंडी आणि जोड

प्लॅस्टिकचा स्वस्त डबा फ्रीजरमधून काढल्या काढल्या झाकण घाईने ओढले की कोपरा तडकतो, हे घरोघरी माहीत आहे. पॉलिप्रोपिलीन शून्याच्या आसपास ठिसूळ होऊ लागते, आणि फ्रीजर उणे १८ अंशांचा असतो. चंद्रावरच्या कायम सावलीतल्या विवरांत तापमान उणे २०० अंशांच्याही खाली जाते. तेथे रबर रबर राहत नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघातात रॉकेटच्या जोडातली रबरी कडी थंडीमुळे कडक होऊन वेळेवर पसरून फट बुजवू शकली नाही, आणि त्या सकाळचे तापमान तर केवळ शून्याच्या जवळपास होते. म्हणून चंद्रावरच्या उपकरणाला रबरी आवरण घातलेले वाचले की मी पुढचे पान थोड्या संशयाने उलटतो. आवरण हवेच असेल तर ते धातूच्या बारीक स्प्रिंगांचे किंवा विणलेल्या तारेचे करावे.

यापेक्षा फसवे संकट दोन पदार्थांच्या जोडाचे आहे. १५ सेंटिमीटर लांबीची ॲल्युमिनियमची चौकट तापमान २५० अंशांनी उतरले की साधारण ०.८६ मिलिमीटरने आखडते, आणि तेवढ्याच लांबीची साधी काच सुमारे ०.३४ मिलिमीटरने. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण काच चौकटीत घट्ट बसवली असेल तर तेवढ्यानेच ती पिचते. टायटॅनियमचे आखडणे मात्र काचेच्या अगदी जवळचे आहे, सुमारे ०.३२ मिलिमीटर. कथेत चौकट टायटॅनियमची केली तर ती ‘बळकट’ म्हणून न करता काचेशी तिचे जमते म्हणून करावी. हे कारण एखाद्या पात्राच्या तोंडी ओझरते आले तरी जाणकार वाचक लेखकावर विश्वास टाकतो.

वीज कुठून येते

न फुटणाऱ्या उपकरणाची बॅटरी संपली की ते खरोखरच नुसता वरवंटा होते. चंद्रावरची रात्र साधारण चौदा पृथ्वीदिवसांची, म्हणजे सुमारे ३५४ तासांची असते. आजच्या मोबाईलची बॅटरी १५ वॉट-तासांची धरली, तर इतका काळ तग धरण्यासाठी उपकरणाने सरासरी ०.०४ वॉटच वापरले पाहिजेत. यात दिवा आणि नकाशा बसत नाहीत. कसेबसे घड्याळ आणि अधूनमधून एक हाक बसते. शिवाय थंडीत लिथियम-आयन बॅटरीची क्षमता घसरते आणि गोठणबिंदूखाली ती चार्ज करणे तिला घातक ठरते.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ चे लँडर आणि रोव्हर एका चांद्रदिवसाच्या कामासाठीच बनवले होते, आणि रात्रीनंतर ते जागे झाले नाहीत. त्याउलट १९७० मध्ये उतरलेले सोव्हिएत लुनोखोद-१ सुमारे दहा महिने चालले, कारण त्याच्या पोटात पोलोनियमच्या किरणोत्सारातून मिळणारी ऊब होती. पोलोनियम-२१० चा अर्धायुष्यकाल १३८ दिवसांचा आहे, तर अवकाशयानांत वापरल्या जाणाऱ्या प्लुटोनियम-२३८ चा ८७.७ वर्षांचा. लेखकाने वरवंट्यात असा उबदार दाणा ठेवला तर रात्रीचा प्रश्न सुटतो, पण मग ती वस्तू कधीच पूर्ण थंड होत नाही, सावलीत अवरक्त कॅमेऱ्याला ती दुरून दिसते, आणि ती कुणालाही सहज विकता किंवा फेकून देता येत नाही. लपू पाहणाऱ्या पात्राच्या कमरेला असे उपकरण असणे ही फार चांगली अडचण आहे.

हातमोजे, वंगण आणि किरण

हे थोडक्यात सांगतो. जाड हातमोज्यांत बोटाच्या स्पर्शावर चालणारा पडदा चालत नाही, म्हणून मोठी फिरकी आणि खटके द्यावेत. निर्वातात नेहमीचे वंगण उडून जाते, त्यामुळे मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखे कोरडे वंगण वापरावे लागते. गॅलिलिओ यानाची छत्रीसारखी अँटेना १९९१ मध्ये पूर्ण उघडली नाही, त्यामागे घासून गेलेले वंगण हेच कारण मानले गेले. बाहेर हवा नसल्याने ध्वनी जात नाही, म्हणून इशाऱ्यासाठी भोंगा न ठेवता कंबरपट्ट्याला जाणवेल अशी थरथर ठेवावी. आणि वैश्विक किरणांचा एखादा कण स्मृतीतला एक आकडा उलटा करू शकतो, ज्यात काहीही न फुटता उपकरण खोटे बोलू लागते. यावर खरा उपाय म्हणजे तोच हिशेब तीन ठिकाणी करून बहुमत घेणे. तिघांपैकी दोघे एकाच वेळी चुकले तर काय, हा प्रश्न कथाकाराने स्वतःजवळ राखून ठेवावा.

एकच थाप मारावी

वरचे सगळे आज उपलब्ध असलेल्या ज्ञानातून झाले. विज्ञानकथेत याच्या पुढे एक पाऊल टाकायला हरकत नाही, पण ते एकच असावे. दोन नवे पदार्थ आणि तीन नवे बल एकाच उपकरणात कोंबले की वाचकाला कशाचीच किंमत राहत नाही. वरवंट्याच्या कवचासाठी माझी पसंती धातूच्या काचेला आहे, कारण ती अर्धी खरी आहे. वितळलेले मिश्रण इतक्या झटपट थंड केले की अणूंना स्फटिकात रांगा धरायला वेळच मिळत नाही, तर धातू काचेसारखा विस्कळीत राहतो. १९६० मध्ये कॅलिफोर्नियात सोने आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूत हे पहिल्यांदा साधले, आणि १९९० च्या दशकात त्याचे बोटाएवढे जाड तुकडे ओतता येऊ लागले. असा धातू नेहमीच्या धातूपेक्षा कितीतरी अधिक ताण सोसून पुन्हा मूळ आकारात येतो, साच्यात प्लॅस्टिकसारखा ओतता येतो, आणि नासाने त्याची दातेरी चक्रे वंगणाशिवाय कडाक्याच्या थंडीत चालवून पाहिली आहेत.

आजची अडचण अशी की तो फार जाड ओतता येत नाही आणि एकदा भेग सुरू झाली की ती झरझर पुढे जाते. माझी थाप एवढीच की कथेतल्या कारखान्याला ही दुसरी अडचण सुटली आहे. पहिली अडचण मी तशीच ठेवली, आणि आणखी एक खरी मर्यादाही ठेवली. धातूची काच काही शे अंशांपलीकडे तापली की तिच्यातले अणू रांगा धरू लागतात आणि ती ठिसूळ होते. तो तुकडा नंतर थंड केला तरी पूर्वीसारखा होत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीही कळत नाही.

कथेत कसे आणावे

एवढी आकडेमोड झाल्यावर ती सगळी वाचकाला ऐकवण्याचा मोह होतो. तो आवरावा. आकडे लेखकाच्या वहीत राहावेत आणि कथेत त्यांच्या खुणा याव्यात. नवशिक्या लेखकाच्या हस्तलिखितात असे वाक्य असते: ‘वरवंटा अत्यंत मजबूत धातूचा बनवलेला असून तो कितीही उंचावरून पडला तरी त्याला काहीही होत नसे.’ त्याऐवजी असे लिहिता येईल:

‘तिचा वरवंटा तिच्या आधी दोघांनी वापरला होता. पाठीवर कुणीतरी छिन्नीने आपले अक्षर कोरायचा प्रयत्न केला होता आणि पहिल्याच रेघेवर कंटाळून सोडून दिला होता. चौकट चौथी होती. खटक्यांवरचे आकडे पुसून गेले होते, पण कोणता खटका कशाचा हे आता अंगठ्याला ठाऊक होते.’

येथे ‘मजबूत’ हा शब्द कुठेही नाही. छिन्नीची अर्धवट रेघ कठीणपणा सांगते, चौथी चौकट झीज सांगते, आणि दोन आधीचे मालक वस्तूचे वय सांगतात. त्यातल्या एकाचे पुढे काय झाले, हे विचारावेसे वाटले तर उत्तमच.

टिकाऊ वस्तूच्या सोबतीला न टिकणाऱ्या गोष्टी ठेवाव्यात. १९७२ च्या डिसेंबरमध्ये अपोलो-१७ च्या चांद्रगाडीच्या चाकावरचे संरक्षक पान खिशातल्या हातोडीचा धक्का लागून तुटले आणि चाकाने उडवलेली धूळ अंतराळवीरांवर बरसू लागली. आधी लावलेली चिकटपट्टी धुळीमुळे टिकली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नकाशांचे चार जाड कागद चिकटपट्टीने एकमेकांना जोडले, ते चिमट्यांनी गाडीला बसवले आणि काम पुढे चालवले. चंद्रापर्यंत माणूस नेणाऱ्या यंत्रसामग्रीत शेवटी कागद कामाला आला, हे खरे घडलेले असल्यामुळेच कथेत असे काही आणायला कुणी हसणार नाही.

चाचण्यांचा उल्लेख करायचा असेल तर त्याचाही बारकावा पाहावा. अमेरिकी लष्कराच्या प्रसिद्ध मानकात उपकरण १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा, प्रत्येक कडेवर, कोपऱ्यावर आणि बाजूवर पाडतात, आणि खाली काँक्रीटवर ठेवलेली प्लायवूडची फळी असते. एकाच नगाने सगळे २६ धक्के सोसले पाहिजेत असे नाही. पाच नगांत ते वाटून घेता येतात. ‘लष्करी दर्जा’ या शब्दांमागे एवढे सामान असते, आणि कथेतल्या विक्रेत्याने ते दडवून ठेवले तर तो अगदी खऱ्यासारखा वाटेल.

ते कसे फुटेल हे आधी लिहावे

माझी पद्धत अशी की उपकरण फुटण्याचा प्रसंग सर्वांत आधी लिहायचा आणि बाकीची कथा त्याच्या मागे रचत जायची. वरवंट्याचा प्रसंग असा आहे. वस्तीत चंद्रमातीच्या विटा भाजण्याची भट्टी आहे, आणि ती हजार अंशांच्या वर चालते. एका पाळीला नवा पोरगा भट्टीच्या दाराशी वरवंटा विसरतो. थंड झाल्यावर तो उचलतो, खटके दाबून पाहतो, सगळे चालू असते, कारण नोंदीचा गाभा उष्णतारोधक थरात आहे आणि बाकीचे भाग थोडक्यात वाचले आहेत. तो कुणाला सांगत नाही. तीन आठवड्यांनी कार्यशाळेत चौकट बदलायला आणलेला तोच वरवंटा टेबलावरून घरंगळतो, चंद्रावर सगळे पडते तसा सावकाश खाली जातो, आणि जमिनीला टेकताच त्याचे सात-आठ तुकडे होतात.

‘मावशी, मी हात पण लावला नव्हता,’ पोरगा म्हणतो.

कार्यशाळा सांभाळणारी मावशी तुकडा उचलून दिव्याखाली धरते. फुटलेली कड काचेसारखी गुळगुळीत असायला हवी होती. ती साखरेच्या खड्यासारखी चमचम करते.

‘कुठे तापवलास रे?’

या प्रसंगासाठी भट्टीचा विसर निदान आठ-दहा पाने आधी यावा, आणि तो पोरगा विसराळू आहे हे दाखवण्याच्या निमित्ताने यावा, म्हणजे वाचकाचे लक्ष पोराकडे राहते आणि वरवंट्याकडे जात नाही. साखरेच्या खड्याची चमकही आधी एकदा, चहाच्या वेळी, टेबलावर सांडलेल्या साखरेत दाखवून ठेवावी. आणि नोंदीचा गाभा तुकड्यांत धडधाकट सापडतो, हे विसरू नये, कारण त्यात भट्टीपाशी काढलेल्या त्या पाळीचे तापमान लिहिलेले आहे.